अंगठा उमटला नाही तर?

ताई, सप्रेम सलाम.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीच्या बिडी कामगारांच्या घरकुलात राहतो. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून बिड्या वळल्या, गुडघे गेले तेव्हाच थांबल्या. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर अर्पण किती दिलं, उपवास कधी केला, कोणतं स्तोत्र वाचलं, कोणत्या आजाऱ्याला भेटल्या. उजव्या पानावर रागावले, खोटं बोलले, शेजारणीशी भांडले. सात महिने झाले, त्यांना उपासनेला जाता येत नाही आणि डावं पान कोरं पडलंय. ईस्टरला पाळक घरी प्रभुभोजनाची भाकर नि प्याला घेऊन आले, तर "मी लायक नाही" म्हणून घेतलं नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना घेऊन गेले, तर मशीनवर एकही बोट उमटेना. पानं कापून, बिड्या वळून बोटं पार गुळगुळीत झालीत. त्या रात्री मला हलवून उठवलं आणि म्हणाल्या, "वर दारातपण अंगठा उमटला नाही तर काय करू गं?" मला काही बोलता आलं नाही.

दुसरीकडे माझे दीर. रोज पिऊन येतात, आईची पेन्शन काढून घेतात आणि वर म्हणतात, "तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही. माझा बाप्तिस्मा झालाय, माझं पक्कं आहे."

मी स्वतः वारकरी घरातली. लग्नानंतर चार वर्षांनी, कोणी न सांगता बाप्तिस्मा घेतला. माहेरी कीर्तनात कृपा हा शब्द ऐकतच वाढले. आता एका घरात एक जण त्या शब्दाला घाबरतोय आणि एक जण तो उशाला घेऊन झोपतोय. खरं काय? आणि सासूबाईंना काय सांगू?

एक सून

*

सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा त्या अंगठ्याच्या ओळीपाशी थांबले आणि पुढे सरकताच येईना. तारणाबद्दल मला बरीच पत्रं येतात. त्यात वचनं असतात, वाद असतात, कोण बरोबर नि कोण चूक असतं. पण इतका खरा प्रश्न फार क्वचित येतो. तुमच्या सासूबाईंनी तो रात्री, अंधारात विचारला. मुलाला नाही विचारला, पाळकांनाही नाही, सुनेला उठवून विचारला. उत्तर त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय, हे आधी मनात पक्कं करा. मी लिहितेय ते तुमच्या हाताशी असावं म्हणून.

आधी त्यांच्या हातांबद्दल बोलू. मी सोलापुरात ज्या गल्लीत वाढले, तिथे दर दुसऱ्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली बाई बसलेली असायची. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कातरीनं कापायचं. मग चिमटीत तंबाखू, पानाची वळकटी, तोंडाची घडी, दोऱ्याचे दोन वेढे. हात चालू असायचा आणि तोंडानं पोरांना अभ्यासाला बसवणंही चालू असायचं. हजार भरल्या की पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून कारखान्यात. तिथे टेबलापलीकडे तपासणारा बसलेला. तो जुडी उचलायचा, बोटांनी चाचपायचा, ही सैल, ही वाकडी, हिचं पान फाटकं, असं करत बाजूला काढायचा. बाजूला काढलेल्या बिडीची मजुरी नाही. पान गेलं, तंबाखू गेली, वेळ गेला. आमच्या शेजारच्या काकू त्या टेबलापुढून परत आल्या की आधी चेहऱ्यावरूनच कळायचं, आज किती काढल्या ते.

ज्या बाईनं सगळं आयुष्य रोज संध्याकाळी त्या टेबलापुढे जीव मुठीत धरून काढलं, तिला देव कुठे बसलेला दिसणार? टेबलापलीकडेच. हातात तिची जुडी, चाचपतोय. तुम्ही म्हणता ती वही म्हणजे कारखान्याच्या पुस्तकाचीच नक्कल आहे, फक्त मालक वरचा. घरकुल मिळालं तेसुद्धा मोर्चे काढून, स्वतःचा हिस्सा भरून. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी काही असंच उचलून दिलं नाही. मग अनंतकाळचं घर तेवढं कोणी असंच देईल, हे त्यांनी एका रविवारच्या संदेशावरून कसं मानावं? म्हणून कृपा करून एक करा. "तुमचा विश्वास कमी पडतोय" असं त्यांना कोणी म्हणत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. आजारी बाईच्या कोऱ्या पानावर आणखी एक खूण करू नका.

आता शास्त्राकडे वळू. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवं वचन. सासूबाईंना नक्की पाठ असेल. मलाही शब्बाथशाळेत पाठ झालं होतं, अर्थ उमगायला मात्र पुढची पंचवीस वर्षं जावी लागली. "कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे."

हे त्यांना सावकाश वाचून दाखवा आणि "झालेले आहे" पाशी थांबा. हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं मूळ ग्रीकमध्ये वापरलेलं क्रियापदही तसंच आहे: घडून गेलेलं आणि आजही टिकून असलेलं. "होईल, बघू" असं तिथे नाही. "हजार भरल्या तर" असंही नाही. मग "तुमच्या हातून" हे दोन शब्द पुन्हा वाचा. त्यांच्या हातून झालंच नाही, तर दारात त्यांचा अंगठा कोण मागणार?

लोक इथे एक गफलत करतात आणि मीही बरीच वर्षं केली. कर्मांनी तारण नाही हे ते मान्य करतात, पण मग विश्वासालाच एक कर्म करून टाकतात. पूर्वी उपवास मोजायचे, आता विश्वास मोजतात. आज जास्त वाटला, काल कमी वाटला. सासूबाईंची वही बंद केलीत आणि त्यांनी मनातल्या मनात विश्वासाची वही उघडली, तर काय उपयोग? वचन म्हणतं कृपेने, विश्वासाच्या द्वारे. आपल्याकडे उजनीचं पाणी नळाला येतं, तेही चार-पाच दिवसांनी. पाणी आलं की आपण भांडी लावतो. तहान भागते ती पाण्यानं. नळ जुना असो, गंजका असो, त्याची तोटी गळकी असो, येतं ते उजनीचंच पाणी. विश्वास हा नळ आहे. मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आपला आजारी मुलगा येशूकडे आणतो आणि रडत म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धा विश्वास आणि अर्धा अविश्वास एका वाक्यात. येशूनं त्याला वही भरून आण असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं.

सासूबाईंना वाटत असेल की अशी धाकधूक फक्त त्यांनाच. त्यांना पंडिता रमाबाईंबद्दल सांगा, नाव त्यांनी ऐकलेलं असणारच. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईवडिलांबरोबर लहानपणापासून पायी तीर्थयात्रा, व्रतं, उपवास, दानं. १८७४ मध्ये उपासमारीत आईवडील गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण मानतो की गोष्ट तिथे संपली. पण रमाबाईंनी स्वतः पुढे लिहिलं की तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. जवळजवळ आठ वर्षं त्या उपासना करत होत्या, पुढे शाळाही चालवायला लागल्या, विधवा मुलींना आसरा देऊ लागल्या आणि आत मात्र शांती नव्हती. मग त्यांना कळलं की आपण अजूनही काहीतरी करून दाखवायला बघतोय, आणि ख्रिस्तानं जे आधीच केलंय ते नुसतं घ्यायचं राहिलंय. संस्कृत शास्त्रांत पंडिता, स्वतः मराठी बायबलचं भाषांतर करणारी बाई. तिला आठ वर्षं लागली. तुमच्या सासूबाई फार मागे नाहीत. आणि निराधार बायामुलींसाठी मुक्ती मिशनचं प्रचंड काम रमाबाईंनी त्यानंतर उभं केलं, हे दिरांसाठी बाजूला ठेवून द्या, पुढे लागेल.

प्रभुभोजनाचं मनाला लागलं. "अयोग्य प्रकारे खाईल पिईल तो दोषी ठरेल" हे करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं वचन ऐकून कितीतरी बाया मागच्या बाकावर बसून राहतात. मीही वर्षभर तशी बसले होते. आईशी अबोला होता आणि तो मिटायच्या आत आई गेली. प्याला समोरून जायचा, मी मान खाली घालायचे. शेवटी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरी, प्याला तुझी लायकी बघून भरलेला नाही." त्या दिवशी घेतला. नंतर तो अध्याय नीट वाचला. पौल तिथे कोणावर चिडलाय? करिंथमधले पैसेवाले आधी येऊन पोटभर जेवायचे, प्यायचे आणि मजूर माणसं उशिरा आली की त्यांना काही उरायचं नाही. त्याला तो अयोग्य प्रकार म्हणतो. "अयोग्य माणसानं घेऊ नये" असं तिथे लिहिलेलंच नाही. तसं असतं तर ते मेज कधी मांडलंच गेलं नसतं. कारखान्यातून उशिरा, थकून आलेली बाई त्या गोष्टीत कुठल्या बाजूला असती, ते सासूबाईंना विचारा. पाळकांना पुन्हा बोलवा. ईस्टर गेला तरी चालतं. कुठल्याही मंगळवारी चालतं.

वहीचं काय करायचं? हिसकावू नका, लपवू नका. ती त्यांच्या हाताची अक्षरं आहेत. तुम्ही फक्त त्यांच्याजवळ बसा आणि कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. तिथे पौल म्हणतो की आपल्याविरुद्ध असलेलं ऋणपत्र देवानं वधस्तंभाला खिळून रद्द केलं. त्यासाठी त्यानं वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच हातानं लिहिलेलं असा आहे. त्या काळी कर्ज घेणारा स्वतःच्या हातानं रोखा लिहून द्यायचा, मी इतकं देणं लागतो म्हणून. म्हणजे सासूबाईंचं उजवं पान. तेच पान तिथे खिळलंय. हे वाचून झालं की त्यांना वही हातात घेऊ द्या. उजव्या पानांचं काय करायचं ते त्यांचं त्या ठरवतील. डावी पानं मात्र जपून ठेवा, नातवंडांना दाखवा. कोणत्या आजाऱ्याच्या उशाशी ही बाई बसली होती, ते घरात कळायला हवं. त्या पानांनी स्वर्ग विकत घेतला नाही, इतकंच. प्रेमानं केलेलं मोलाचं असायला त्याची किंमत वसूल व्हावी लागत नाही.

आणखी एक उतारा, मत्तयाचा विसावा अध्याय. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, दिवसाचा एक दिनार ठरवून. पुन्हा तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि अगदी दिवस मावळायला आल्यावर अकराव्या तासाला जातो. तेव्हाही काही माणसं उभीच. का उभे आहात विचारलं तर म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार. पहाटेचे चिडतात आणि मजुरीच्या हिशेबानं त्यांचं चिडणं रास्तच आहे. पण दिनार म्हणजे त्या वेळचा एका दिवसाचा रोज, घरी चूल पेटायला लागतो तेवढा. तासाभराच्या मजुरीत त्या शेवटच्या माणसाच्या पोरांचं पोट भरलं नसतं. मालकानं काम मोजलं नाही, घरी काय लागेल ते बघितलं. हजारामागे इतके, अशा मजुरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट मुद्दाम सांगायची असते. तिकडे हजारामागे दर नाही.

आता तुमचे दीर. त्यांचं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं. इफिसकरांस पत्राचा तो दुसरा अध्याय त्यांनी नवव्या वचनापर्यंत वाचला आणि पुस्तक मिटलं. दहावं वचन म्हणतं की आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. सत्कृत्यांनी नव्हे, सत्कृत्यांसाठी. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण सगळं त्यात आहे. रमाबाईंचं मोठं काम कृपा घेतल्यानंतर उभं राहिलं, ते इथे आठवा. दिरांचं म्हणणं पौलाच्या काळातही लोक म्हणत होते. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. बायबलमध्येच ज्याचं पत्र आहे तो याकोब तर आणखी सरळ आहे. भावाला अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, आणि तुम्ही "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून पाठवलं, तर त्या बोलण्याचा काय फायदा? तसा क्रियांवाचून विश्वास निर्जीव. भुतेही विश्वास धरतात आणि थरथर कापतात, असं तो म्हणतो. हे दिरांना राग येईल असं ऐकवू नका, पण ऐकवा.

पौल आणि याकोब एकमेकांविरुद्ध आहेत असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. पौल टेबलापुढे उभ्या असलेल्या सासूबाईंशी बोलतोय, याकोब खाटेवर पडलेल्या दिरांशी. ह्याच प्रश्नावर १५१७ मध्ये मार्टिन लुथरपासून पश्चिमेची ख्रिस्ती मंडळी दुभंगली, आणि लुथर मुळात तुमच्या सासूबाईंसारखाच होता, पापांची यादी कधी पुरी न होणारा साधू. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी मिळून लिहून दिलं की आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नाही, केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी बोलावतो. चारशे ब्याऐंशी वर्षांनी. दोन्ही अर्धी एका वाक्यात आली तेव्हाच सही झाली.

दिरांसाठी माझ्याकडे जक्कय आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातवाला, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. येशूला बघायला तो झाडावर चढून बसतो. येशू त्या झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी पैसे परत कर, मग येईन, असं म्हणत नाही. आधी घरी जातो. आणि मग, कोणी न मागता, जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धं गरिबांना देतो, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. कृपा घरात आली आणि पैशांची पिशवी सुटली. कृपा खरंच आत आली की असं होतं. दिरांच्या बाबतीत पिशवी अजून आईचीच सुटतेय. ते तारलेले आहेत की नाहीत हे मी सांगणार नाही, तो निवाडा माझा नाही आणि तुमचाही नाही. पण आईची पेन्शन दारूत घालवायला कृपेचं नाव घेणं हे पाप आहे, एवढं मी स्वच्छ सांगते.

आणि क्षमा करणं म्हणजे एटीएम कार्ड देणं नव्हे. सासूबाईंना घेऊन, किंवा त्यांना चालवत नसेल तर बँकेत विचारून, पिन बदलून घ्या. कार्ड आणि पासबुक तुमच्याकडे नाही, त्यांच्याच उशाखाली असू द्या, म्हणजे घरात उद्या तुमच्यावर बोट येणार नाही. त्या म्हणतील, "माझंच लेकरू आहे." तेव्हा त्याला जेवायला वाढा म्हणा, पैसे देऊ नका. रोजची सवय असेल तर दारू घरच्या घरी एकदम तोडायला लावू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. पाळकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि दवाखान्यात सोबतही जावं. दोन्ही करणारे पाळक मी पाहिलेत.

राहिला तुमचा प्रश्न, माहेरच्या कृपेचा. तुम्ही तो शेवटी आणि अर्ध्या वाक्यात विचारलाय, जणू विचारायची चोरी आहे. चोरी नाही. कीर्तनात तुम्ही मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ऐकला असेल. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं, सुटलं की पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. सासूबाई स्वतःला माकडिणीचं पिल्लू समजतायत आणि आता हातातलं बळ गेलंय म्हणून घाबरल्यात. त्यांना मांजरीचं सांगा, पटकन कळेल. तुमच्या माहेरानं तुम्हाला हा शब्द ऐकायला तयार कान दिले. त्याबद्दल देवाचे आभार माना. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की ते ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आले, आणि त्यांनी तो पूल कधी पाडला नाही.

पण दोन्ही एकच, असं म्हणून मी तुमचं समाधान करणार नाही. तसं केलं तर तुमच्या माहेराचाही मान राहत नाही आणि तुमच्या बाप्तिस्म्याचाही. ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो तेव्हा देव दयाळू आहे एवढंच सांगत नाही. तो एक घडलेली गोष्ट सांगतो: पंतय पिलाताच्या वेळेस, यरुशलेमच्या वेशीबाहेर, एका वधस्तंभावर, आपलं देणं दुसऱ्या कोणीतरी भरलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. हे घडलं नसेल, तर आमचा विश्वास व्यर्थ, असं पौल स्वतः लिहून बसलाय. सगळा भार त्या एका जागी आहे. तुम्ही चार वर्षं बघून, विचार करून तिथे आलात. सासूबाईंपाशी बसाल तेव्हा ते तुमच्या शब्दांत सांगा, माझ्या नको.

आणि त्या पुन्हा रात्री उठवतील. उठवू द्या. दिवा लावा, यशया एकोणपन्नास काढा, सोळावं वचन. तिथे देव म्हणतो की मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय. त्यांचा हात तुमच्या हातात घ्या, ती गुळगुळीत बोटं धरून ठेवा आणि सांगा की दारात बघतील ते ह्या बोटांकडे नाही, त्याच्या तळहाताकडे. तिथे खिळ्यांची खूण आहे आणि त्या खुणेत तुमचं नाव आहे. मग गप्प बसा. त्यांना झोप लागेपर्यंत हात सोडू नका.

हयातीच्या दाखल्याचं मात्र राहून देऊ नका, नाहीतर पेन्शन थांबेल. बोटं उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरांना २०२२ पासून आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घ्या, मंडळीतला कोणताही कॉलेजचा मुलगा दहा मिनिटांत करून देईल. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर) आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा. नोव्हेंबरच हवा असं नाही, ह्या पेन्शनचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. सासूबाईंना खिडकीपाशी उजेडात बसवा, चष्मा काढा, पदर मागे घ्या. फोन डोळे मिचकवायला सांगतो, तेव्हा मिचकवायचे. दाखला निघाला की मला दोन ओळी लिहा.